इमारत निधीतला माझा पगार

बारावीच्या वर्गात ‘चालू देणी’ हा भाग आला की मी फळ्याकडे तोंड करून शिकवतो. मुलांना वाटतं, सर तक्ता नीट आखून राहिलेत. खरं म्हणजे त्या वेळी माझं तोंड मुलांनी बघू नये असं मला वाटतं.

विषय काही अवघड नाही. जी वस्तू वर्षानुवर्षं कामाला येते, इमारत, यंत्र, बाकडी, ती स्थिर मालमत्ता. ती झिजते, म्हणून दरवर्षी तिच्या किमतीतून थोडा घसारा वजा करायचा. जे पैसे वर्षाच्या आत कुणाला तरी द्यायचे आहेत, ती चालू देणी. आणि चालू देण्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे देय पगार. माणसानं महिनाभर काम केलं आणि त्याला पैसे दिले नाहीत, तर तेवढी रक्कम देणं म्हणून ताळेबंदात लिहायची. लिहिलीच पाहिजे, नाहीतर ताळेबंद खोटा. हे मी इतकी वर्षं सांगत आलोय आणि इतकी वर्षं मला पगार नाही.

आमचं कनिष्ठ महाविद्यालय देवणी तालुक्यातल्या एका गावात आहे, विनाअनुदानित. म्हणजे सरकारनं कॉलेज चालवायला परवानगी दिली, पैसे दिले नाहीत. सरकार म्हणतं, अनुदान सुरू होईपर्यंत पगार संस्थेनं द्यावा. संस्था म्हणते, अनुदान सुरू झालं की देऊ. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते आम्ही. दिवाळीला संस्थेकडून एक पाकीट मिळतं, त्यात फराळाचं सामान येतं, तेही तेल वगळून. त्यात लातूर जिल्ह्यात हुशार पोर डॉक्टरकीच्या क्लासला जातं आणि कुठंच न जमलेलं कॉमर्सला येतं, असा लोकांचा पक्का समज. त्यामुळं आम्हाला पगार नाही याचं वाईट वाटणारी माणसंही कमीच.

मी उदगीरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. बायको ब्लाउज शिवते. मी संध्याकाळी शिकवण्या घेतो, परीक्षेच्या दिवसांत पेपर तपासायला लातूरला, कधी नांदेडला जातो. पण त्यावर भागत नाही. भागतं ते थोरल्या भावामुळं. आमची शेती रेणापूर तालुक्यात. जमीन दोघांची, राबतो तो एकटा. ज्वारी, तुरीची डाळ, शेंगदाणे, वहिनीनं केलेलं तिखट, सगळं तिकडून येतं. गावात लोक त्याला टोचून बोलतात की तुझा मास्तर भाऊ नोकरी करून घरचीच भाकर खातो. त्यानं हे मला कधी ऐकवलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं. सुरुवातीलाच आमचं ठरलं होतं. ज्या दिवशी मागचा थकलेला पगार मिळेल, त्यातला अर्धा भावाचा. हे गोठ्यासमोर उभ्या उभ्या ठरलं आणि पुन्हा त्यावर बोलणं झालं नाही. पण दरवर्षी पोळ्याला मी गावी गेलो की तो एकदाच विचारायचा, “मास्तर, लिहून तर ठेवून राहिलेत ना तिकडं?” मी म्हणायचो, हाव.

म्हणून मला पैसे आजच्या आज मिळावेत असा माझा हट्ट कधीच नव्हता. इतका खुळा मी नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की ते लिहिलेलं असावं. लिहिलेलं देणं आज ना उद्या मागता येतं. न लिहिलेलं मागायला गेलं की आपणच भिकारी ठरतो.

आता संस्थेच्या अध्यक्षांबद्दल. उदगीरला त्यांचं अडतीचं दुकान आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, सोमवारचा उपास, पांढरेशुभ्र कपडे. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. कॉलेजला जमीन त्यांनी स्वतःची दिली. माझ्या बायकोचं बाळंतपण अडलं तेव्हा त्यांनी आपली गाडी लातूरला पिटाळली आणि दवाखान्यात स्वतः बसून राहिले. अशा माणसाशी भांडायचं कसं, ही माझी कायमची अडचण. पगाराचं काढलं की ते हात जोडून म्हणत, अनुदान आलं की पहिला पेढा तुमच्या तोंडात घालतो. मला पेढ्याची चीड यायला लागली ती तेव्हापासून.

कॉमर्सचे सर म्हणून संस्थेचे हिशेब माझ्या गळ्यात पडले. तेही फुकट. पहिल्याच वर्षी इमारतीवरच्या घसाऱ्यावरून अप्पांशी जुंपली. इमारत झिजते हेच त्यांना मान्य नव्हतं. दरसाल रंग देतो, पत्रे बदलतो, मग झिजली कुठं, असा त्यांचा सवाल. जागेचे भाव वाढून राहिलेत आणि तुमी किंमत कमी करून राहिलात, तुमचं शास्त्र उलटं हाय, म्हणाले. मी फळ्यावर शिकवतो तसं सगळं समजावलं. शेवटी ते पंख्यांवर घसारा धरायला तयार झाले, पण घाबरत घाबरत. आमच्या वर्गांतले पंखे गावकऱ्यांनी दिलेले आहेत आणि प्रत्येक पात्यावर देणाऱ्याच्या वडिलांचं नाहीतर आजीचं नाव रंगवलेलं आहे. त्यांची किंमत आपण दरवर्षी कमी करतो हे त्या घरांत कळू देऊ नका, असं त्यांनी मला बजावलं. मी हो म्हटलं. काय करणार?

असं चाललेलं असताना अनुदानासाठी तपासणी होणार असं पत्र आलं. कॉलेज पात्र आहे की नाही हे बघायला समिती येणार होती. तिला मागच्या सगळ्या वर्षांचे तपासलेले हिशेब हवे होते. सामानाची नोंद असलेलं डेडस्टॉक रजिस्टर हवं होतं. आणि शिक्षकांची महिन्यावार पगारपत्रकं हवी होती.

मी कामाला लागलो. खरं सांगतो, आनंदानं लागलो. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं. प्रत्येकाचा महिन्याचा पगार किती व्हायला हवा होता, किती दिला, किती राहिला, सगळं मांडलं. देणी बाजूला ‘देय वेतन’ लिहून पुढं आकडा टाकला. ती ओळ लिहिताना मला पहिल्यांदाच वाटलं की मी या कॉलेजात नोकरी करतो. मग कागद घेऊन अप्पांच्या दुकानात गेलो.

त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत वाचलं आणि त्या ओळीवर बोट थांबलं. हे कुणाचं देणं, त्यांनी विचारलं. संस्थेचं, मी म्हटलं. म्हंजी माझंच की, म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते दुखावले.

“सर,” ते म्हणाले, “आमच्या तीन पिढ्यांत कुणाच्या वहीत आमचं नाव देणेकरी म्हणून न्हाई. आन तुमी मला सरकारासमोर बुडव्या ठरवून राहिलात.”

द्यायचं राहिलंय ते राहिलंय, असं मी म्हणालो खरं. पण ते उठून गिऱ्हाइकाकडे गेले आणि हमालाला उगीचच मोठ्यानं बोलायला लागले. मला चहासुद्धा विचारला नाही. त्या दुकानात असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमचे लेखापरीक्षक कॉलेजात आले. उदगीरचेच, अप्पांच्या सोयऱ्यांतले, हसतमुख आणि घाईत. त्यांनी माझे कागद बघितले आणि म्हणाले, अक्षर चांगलं आहे. मग मला समजावलं. एवढं मोठं देणं दिसलं तर समिती म्हणेल, या संस्थेची कॉलेज चालवायची ऐपत नाही. अपात्र. दुसरी अडचण इमारतीची. वरचा मजला अप्पांनी जमेल तसा, हाती येईल त्या पैशातून बांधला होता आणि तो पैसा आला कुठून याची कुठंच नोंद नव्हती. मालमत्ता उभी आहे, पण कशातून उभी राहिली हे कागद सांगत नाही. दोन्ही रोगांवर त्यांच्याकडे एकच औषध होतं. शिक्षकांना पगार दरमहा रोख दिला असं दाखवायचं आणि शिक्षकांनी तेवढीच रक्कम राजीखुशीनं इमारत निधीला देणगी दिली असं दाखवायचं. पगाराचं देणं मिटलं, इमारतीला पैसा मिळाला. एका दगडात दोन पक्षी, ते म्हणाले. पक्षी कोण होते ते मला कळत होतं.

हे ऐकून अप्पांच्या जिवात जीव आला. यात फसवणूक आहे असं त्यांना वाटलंच नाही. त्यांच्या दृष्टीनं हा दासोह होता. मिळवलेल्यातलं समाजाला देणं हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मी म्हटलं, अप्पा, दासोहाला आधी मिळवावं लागतं, आम्ही मिळवलंय कुठं? ते मायेनं हसले आणि म्हणाले, तुमी विद्यादान केलंत सर, त्याची किंमत कुणी करावी? किंमत मी केली होती. ती ओळ त्यांना नको होती.

मला वाटलं होतं, बाकीचे शिक्षक माझ्या बाजूनं उभे राहतील. कसलं काय. स्टाफरूममध्ये सगळ्यांत आधी मराठीचे सर बोलले. आमच्यात ते वयानं मोठे, निवृत्ती तोंडावर आलेली. त्यांचं म्हणणं साधं होतं. सरकार मागचं देत नाही, आदेश निघाला की तिथून पुढचं देतं. संस्था तर कधीच देणार नाही. मग जे मिळणारच नव्हतं ते कागदावरून गेलं, तर गेलं काय? तुमच्या तत्त्वापायी आमचं अनुदान घालवू नका. मी म्हणालो, पण आपण काम केलंय. ते म्हणाले, केलंय की, कोण नाही म्हणतंय? सगळे हसले. ते बरोबर बोलत होते, याचाच मला जास्त संताप आला. चुकीच्या माणसाशी भांडता येतं.

मग पगारपत्रकं तयार करायचा कारखाना सुरू झाला. वर्गात मी मुलांना लिहायला लावतो तेच रकाने होते. एकूण पगार, कपात, हातात पडणारा पगार, महसुली तिकीट, त्यावर सही. लेखापरीक्षकांनी सांगितलं म्हणून वेगवेगळ्या वर्षांसाठी वेगवेगळ्या पेनांनी सह्या झाल्या. कुणी शिळ्या शाईची पेनं घरून शोधून आणली. न मिळालेल्या पगारातून व्यवसाय करही कापला, आणि हसावं की रडावं, तो मात्र संस्थेनं सरकारला खरोखर भरला. आमच्या पगारातला जो भाग कुणाला तरी मिळाला तो तेवढाच.

माझी पत्रकं सोडून सगळी झाली. मी सही करणार नाही असं सांगितलं होतं. अप्पांनी निरोप पाठवला नाही, दम दिला नाही. स्टाफरूममध्ये मात्र माझ्यासाठी चहा येईना. मधल्या सुट्टीत मी आत गेलो की बोलणं थांबायचं. भौतिकशास्त्राच्या मॅडम, ज्यांच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं, माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि तशाच गेल्या. समिती येण्याच्या आदल्या दिवशी मी कपाट उघडलं, पत्रकं काढली आणि सह्या करत सुटलो. चिडून केलेली सही जरा मोठी येते. माझ्या सगळ्या सह्या तिकिटाच्या बाहेर गेल्यात.

समिती आली, जेवली, फाइली चाळल्या. त्यातल्या एका साहेबांनी हिशेब कुणी लिहिलेत म्हणून विचारलं आणि फार स्वच्छ काम आहे असं सगळ्यांसमोर म्हणाले. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. महिन्याभरानं पात्र यादीत आमच्या कॉलेजचं नाव आलं. अनुदान अजून यायचंय. आज येईल, उद्या येईल.

इथवरचं मी गिळलं होतं. भावाला सवडीनं सांगू, अनुदान सुरू झालं की पुढच्या पगारातून त्याचं काहीतरी करू, असं मनाशी ठरवलं होतं. पण अप्पा पडले सरळ माणूस. एका दुपारी त्यांनी मला दुकानात बोलावलं. लातूरहून संगमरवरी फरशी आणायला सांगितलीय म्हणाले. देणगीदार शिक्षकांची नावं आणि आकडे कोरून कॉलेजच्या दारात लावायचे. एवढी देणगी घ्यायची आन नाव लावायचं न्हाई, असं आमच्यात चालत न्हाई.

मला आधी वाटलं ते थट्टा करताहेत. मी म्हटलं, अप्पा, ती देणगी कागदावरची आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यांना मी काय बोलतोय तेच कळेना.

“कागदावरची म्हंजी?” ते म्हणाले. “दोन्ही बाजू जुळल्यात की सर. तुमीच जुळवल्यात.”

त्यांचा आता खरोखरच विश्वास बसला होता. मी पुष्कळ सांगितलं. फरशी लावू नका, निदान माझं नाव वगळा. त्यांना तो माझा विनय वाटला. जाताना त्यांनी माझ्या हातात प्रसादाचं केळं ठेवलं.

कार्यक्रमाला प्रत्येक देणगीदाराच्या घरच्यांना बोलवायचं, मान त्यांचा, असंही त्यांनी ठरवलं. मी भावाला कळवलं नाही. पण अप्पांच्या ओळखीचा एक व्यापारी रेणापूरच्या बाजारात बसतो, त्याच्या हातून पत्रिका थेट आमच्या घरी पोचली. भावाचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा मोकळा होता. मास्तर, थकलेला पगार मिळाला आन तू तर काही बोलला न्हाईस, म्हणाला. मी म्हटलं, दादा, ते जरा वेगळं आहे, आल्यावर सांगतो. तो म्हणाला, येतो की आमी दोघं.

आला तो धुतलेल्या कपड्यांत, वहिनीनं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. अप्पांनी त्याला टॉवेल-टोपी दिली, वहिनीच्या ओटीत नारळ घातला आणि अशी भावंडं घराघरांत असावीत, असं भाषणात म्हणाले. टाळ्या झाल्या. फरशीवरचा पडदा सरकला. लोक पांगल्यावर भाऊ एकटा तिच्यासमोर गेला. सातवीपर्यंत शिकलेला, अक्षर लावत वाचतो. माझं नाव वाचून झालं, मग आकड्यावर बोट ठेवून त्यानं शून्यं मोजली. पुन्हा मोजली. मी लांब उभा होतो. जवळ जायचा धीर झाला नाही.

तिथून आम्ही उदगीरला माझ्या खोलीवर आलो. चहा झाला. मी बायकोच्या शिवणाच्या एका कागदाच्या मागच्या बाजूला त्याला सगळं मांडून दाखवलं, पगार इकडून गेला, देणगी म्हणून तिकडून आली, इमारतीत जाऊन बसली. त्यानं ऐकलं तितकं लक्ष देऊन माझ्या वर्गातलं एकही पोर ऐकत नाही.

“म्हंजी पैसे तुला मिळालेच न्हाईत,” तो म्हणाला.

“नाही.”

“मिळाले म्हणून सही कुणाची हाय?”

“माझी.”

त्यानं कागद घडी करून परत दिला. “मंग आता मागायचे कुणाला?”

वहिनी ओटीतला नारळ माझ्या बायकोकडे देत होती आणि ती नको नको म्हणत होती. भाऊ उठला, खिशातून मोबाइल काढला आणि दारात जाऊन उभा राहिला. पहिल्यांदा वाटलं, गाडीची चौकशी करतोय. मग कळलं, तो जेसीबीवाल्याशी बोलत होता. पत्रिका हातात पडली त्याच दिवशी त्यानं वरच्या शेतात पाइपलाइन टाकायला चर खोदायचं काम त्याला सांगितलं होतं, सकाळी ये म्हणून.

“येऊ नकोस,” तो म्हणाला. “काम राहिलं आता. न्हाई रं, पैसे आलते. आमच्या मास्तरानं ते कॉलेजाला दान दिले.”

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

“हाव,” भाऊ म्हणाला, “समदे.”